नर्सिंगच्या नोकरीआधीची टेस्ट: जळगाव-नाशिकच्या हॉस्पिटलात नेमकं काय विचारतात, तयारी कशी करायची?

शहाद्याची_नवी
नमस्कार सगळ्यांना. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही हातात आहे. आता जळगाव आणि नाशिकच्या मोठ्या खाजगी हॉस्पिटलांतून मुलाखतीआधी लेखी आणि प्रॅक्टिकल टेस्टसाठी बोलावणं येतंय. कोर्समधलं सगळं परत वाचायचं म्हटलं तर चार जाड पुस्तकं होतात आणि हातात पंधरा दिवस आहेत. कशावर भर द्यायचा? शिक्षण मराठी वातावरणात झालेलं, घरी अहिराणी, आणि पेपर इंग्रजीत. जाणकारांनी जरा मोकळेपणाने सांगा.

इन्चार्ज_ताई
पहिल्यांदा हे समजून घे की खाजगी हॉस्पिटलची टेस्ट कोर्सच्या परीक्षेसारखी नसते. "न्यूमोनियाची व्याख्या लिहा" असं कुणी विचारत नाही. उद्या रात्रपाळीला ही मुलगी वॉर्डात एकटी असली तर पेशंटला धोका होईल का, एवढंच त्यांना बघायचं असतं. साधारण तीस ते पन्नास बहुपर्यायी प्रश्न, त्यात पाच-दहा डोसची गणितं, मग एक-दोन प्रॅक्टिकल स्टेशन, मग मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिंटेंडेंटशी बोलणं. बऱ्याच ठिकाणी गणितं चुकली तर बाकीचे गुण चांगले असूनही थांबवतात, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून पंधरातले पहिले सहा दिवस फक्त गणितं. रोज वीस, हाताने, कॅल्क्युलेटर न घेता.

ड्रिपचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: एकूण मिलि गुणिले सेटचा ड्रॉप फॅक्टर (एका मिलित किती थेंब पडतात), भागिले एकूण मिनिटं. ५०० मिलि सलाईन ६ तासांत द्यायचं, मॅक्रो सेट २० थेंबांचा, तर ५०० × २० ÷ ३६० = २७.७, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. चूक होते ती तासांची मिनिटं न करण्यात. ६ ने भागून १६६६ उत्तर येतं आणि घाईत तेच कुठल्यातरी पर्यायाशी जुळवलं जातं. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, म्हणून तिथे तासाला जितके मिलि तितकेच मिनिटाला थेंब. हे लक्षात असलं की निम्मे प्रश्न तोंडी सुटतात.

पांझराकाठ
ताईंचं बरोबर, पण ड्रॉप फॅक्टर २० च धरून बसू नका. काही कंपन्यांचे मॅक्रो सेट १५ थेंबांचे असतात. सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं. पेपरात जो आकडा दिला असेल तोच घ्यायचा, आणि प्रॅक्टिकलला परीक्षकांसमोर पाकीट उलटून वाचायचं. ते वाचताना दिसणं हाही एक गुण असतो.

आणखी एक फसवा प्रश्न हमखास येतो. १ लिटर सलाईन ८ तासांत द्यायचं होतं. ४ तासांनी बघितलं तर ७०० मिलि शिल्लक. आता काय कराल? पर्यायांमध्ये एक असतो "थेंब वाढवून वेळेत संपवा". गणित जमतं: ७०० × २० ÷ २४० = मिनिटाला ५८ थेंब. पण उत्तर ते नाही. आधी कॅन्युलाची (शिरेत बसवलेल्या प्लास्टिकच्या नळीची) जागा, नळीला पीळ, क्लॅम्प, पेशंटचा श्वास आणि लघवी बघायची, मग डॉक्टरांना कळवायचं. हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर आपल्या मनाने वेग वाढवला की पाणी फुप्फुसात जातं. गणित येतं म्हणून गणिताचंच उत्तर लिहायचं नाही.

बेड_नंबर_७
इन्सुलिनवर प्रश्न नसलेला पेपर क्वचितच. आपल्याकडे व्हायल (इंजेक्शनची छोटी बाटली) ४० युनिट प्रति मिलि आणि १०० युनिट प्रति मिलि अशा दोन्ही मिळतात, म्हणून सिरिंजही दोन: ४० वाल्याचं टोपण लाल, १०० वाल्याचं नारिंगी. ४० च्या व्हायलमधून २० युनिट म्हणजे अर्धा मिलि. ते १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर फक्त ०.२ मिलि जातं, म्हणजे ८ युनिट. उलटं झालं तर जास्त धोका: १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं की अर्धा मिलि, म्हणजे ५० युनिट गेलं. पेशंट पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध सापडतो तो अशानेच. हा हिशोब स्वतः कागदावर सिरिंज काढून करून बघा, नुसता वाचून डोक्यात बसत नाही.

लिहिण्याचंही बघतात. अर्धा मिग्रॅ लिहायचा तर ०.५ लिहा, टिंबाआधीचा शून्य सोडला की टिंब दिसत नाही आणि ५ वाचलं जातं. पाच लिहायचे तर ५ लिहा, ५.० नको, ते ५० होतं. "युनिट" पूर्ण शब्दात, नुसतं इंग्रजी यू अक्षर नाही, ते शून्यासारखं दिसतं.

शहाद्याची_नवी
हे खूप कामाचं आहे. पोटॅशियमबद्दल पण विचारतात का? आणि मुलांचे डोस?

इन्चार्ज_ताई
पोटॅशियम क्लोराइड विचारतातच. १० मिलिच्या १५ टक्क्यांच्या एम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, म्हणजे मिलिला २. कधीही सरळ शिरेत पुश करायचं नाही, कधीच. हृदय थांबतं. पातळ करून, सावकाश, हाताच्या साध्या शिरेतून साधारणपणे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही. सलाईनच्या बाटलीत घातल्यावर बाटली नीट उलटसुलट करून हलवायची, कारण ते जड असतं, तळाशी बसतं आणि पहिल्या अर्ध्या तासात सगळं जाऊ शकतं. लघवी होतेय का हे बघूनच सुरू करायचं. ही शेवटची दोन वाक्यं बोलून दाखवली तर समोरची मेट्रन मान हलवते.

मुलांचं: वजन विचारल्याशिवाय डोस काढायचा नाही. ८ किलोचं बाळ, पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे १२० मिग्रॅ. आता सिरप कुठलं? ५ मिलित २५० असेल तर २.४ मिलि, ५ मिलित १२० असेल तर पूर्ण ५ मिलि. बाटली न वाचता "एक चमचा" म्हटलं तर दुप्पट जातं. सलाईनचा चोवीस तासांचा हिशोब: पहिल्या १० किलोला किलोमागे १००, पुढच्या १० किलोला ५०, त्यापुढे २०. १४ किलोच्या मुलाला १००० अधिक २००, म्हणजे १२०० मिलि, तासाला ५०.

आयसीयूच्या जागेसाठी जाणार असशील तर इन्फ्युजन पंपाचं गणित लागतं. हे तीन सोडव आणि इथेच उत्तर टाक:
१. एनएस (नॉर्मल सलाईन) १ लिटर, ८ तास, सेट २० चा. मिनिटाला थेंब किती?
२. सेफट्रायॅक्सोन १ ग्रॅम, विरघळवून एकूण १० मिलि झालं. १२ किलोच्या मुलाला किलोमागे ५० मिग्रॅ. किती मिलि?
३. नॉरॲड्रिनलिन ४ मिग्रॅ, एकूण ५० मिलि केलं. पेशंट ६० किलो, मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम. पंपावर तासाला किती मिलि लावशील?

सातपुड्याची_सिस्टर
लेखीत आणखी एक मोठा भाग असतो, "आधी कुणाकडे जाल" या धर्तीचे प्रश्न. चार पेशंट दिलेले असतात. एकाला ऑपरेशननंतर दहापैकी आठ दुखतंय. एकाची साखर २८०. एकाला डिस्चार्ज हवाय, नातेवाईक ओरडताहेत. चौथा दम्याचा: तासापूर्वी छातीत जोरात घरघर होती, आता घरघर थांबलीय आणि तो शांत, झोपाळलेला आहे. नवीन मुली दुखणाऱ्याकडे जातात. जायचं दम्याच्या पेशंटकडे. घरघर थांबली म्हणजे हवा जायचीच थांबलीय, तो दमून गेलाय. असे प्रश्न सोडवताना श्वसनमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम धरा, आणि "नेहमीचं लक्षण" व "अचानक बदललेलं लक्षण" यात बदललेलं निवडा.

आपल्या भागात नंदुरबार-धुळ्याकडच्या हॉस्पिटलात सिकलसेल विचारण्याची शक्यता जास्त. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. "चारातलं एक झालं, आता बाकीचे ठीक" हा समज चुकीचा, आणि नेमका तोच पर्यायांमध्ये दिलेला असतो. दुखण्याचा झटका आला तर पाणी, वेदनाशामक, ऊब, ऑक्सिजन कमी असेल तर ऑक्सिजन. बर्फाचा शेक कधीच नाही, थंडीने शिरा आकसतात आणि झटका वाढतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे. सरकारी पेपरात हे सामान्य ज्ञानातही येतं.

पांझराकाठ
बायोमेडिकल कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमांप्रमाणे. पिवळा: रक्ताचा कापूस, बँडेज, वार, मुदत संपलेली औषधं, रक्ताची पिशवी. लाल: आयव्ही सेट, कॅथेटर, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज. पांढरा, सुई आरपार न जाणारा डबा: सुया, ब्लेड. निळा: काच, फुटलेल्या एम्प्यूल, धातूचे इम्प्लांट. सगळ्यात जास्त चुकतात ते ग्लोव्हज (लाल) आणि रक्ताची पिशवी (पिवळी). बस, एवढं रोज रात्री एकदा डोळ्याखालून घाला.

बेड_नंबर_७
प्रॅक्टिकलबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. बहुतेक ठिकाणी कॅन्युला, सीपीआर आणि औषध देणं यांपैकी दोन असतात.

कॅन्युला. डमी हातावर घ्या किंवा खऱ्या पेशंटवर, परीक्षक शीर मिळाली का यापेक्षा हाताचा क्रम बघत असतो. सुरुवात नावापासून. "तुम्ही सुनीताबाई ना?" असं विचारायचं नाही, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि पट्टीवरचा नंबर जुळवायचा. मग हात धुणं: सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबणाने ४० ते ६०. ट्रे उजव्या हाताशी, पांढरा सुईचा डबा हात पोहोचेल इतका जवळ. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून उघडी सुई हातात घेऊन चालत गेलात की गुण तिथेच गेले.

टूर्निकेट बांधून शीर बघा, मग स्पिरिट लावा, तीस सेकंद चोळा, तीस सेकंद वाळू द्या. वाळल्यावर त्या जागेला परत बोट लावायचं नाही. सवयीने बोट लागतंच, आणि सगळ्यात जास्त मुलं इथेच बाद होतात. लागलं तर लपवू नका, "मी जागा परत स्वच्छ करते" म्हणा आणि करा. त्याचे गुण मिळतात. सुईचं तिरकं तोंड वर, १० ते ३० अंश. चेंबरमध्ये रक्त दिसलं की कोन कमी करून आणखी दोन-तीन मिलिमीटर आत, मग सुई स्थिर धरून फक्त प्लास्टिकचा भाग पुढे सरकवा. टूर्निकेट आधी सोडा, शिरेवर टोकाच्या पुढे बोट दाबा, मगच सुई काढा. हे उलटं केलं की चादरभर रक्त. काढलेली सुई परत त्याच कॅन्युलात घालायची नाही, प्लास्टिक कापून तुकडा शिरेत वाहून जाऊ शकतो. फ्लश करा, चिकटपट्टीवर तारीख, वेळ, सही. कॅन्युलाच्या जाडीच्या नंबरांप्रमाणे रंग पाठ पाहिजेत: १८ हिरवी, २० गुलाबी, २२ निळी, २४ पिवळी. रक्त द्यायचं असेल तर शक्यतो १८ किंवा २०, असं कारणासह सांगा.

इन्चार्ज_ताई
रक्त देण्यावरून तोंडी प्रश्न ठरलेला: रक्त सुरू केल्यावर दहाव्या मिनिटाला पेशंटला थंडी वाजली, कंबर दुखायला लागली, पहिलं काम काय? "डॉक्टरांना बोलावेन" हे दुसरं. पहिलं म्हणजे रक्त बंद करणं. मग सेट बदलून नवीन सेटने एनएस, शीर चालू ठेवणं, डॉक्टर, पिशवीवरचं नाव-नंबर परत जुळवणं, आणि पिशवी व सेट फेकून न देता ब्लड बँकेला पाठवणं. सेट न बदलता तसंच एनएस लावलं तर नळीतलं उरलेलं रक्त पेशंटच्याच अंगात जातं. रक्तासोबत एनएसच, डेक्स्ट्रोज नाही. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही.

सीपीआर: मोठ्या माणसाला ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. बाळाला दोघे जण असतील तर १५ ला २. थकल्यावर वेग वाढतो आणि खोली कमी होते, म्हणून उशीवर नाही, डमीवर दोन मिनिटं मोजून सराव करा. बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट) सर्टिफिकेट असेल तर तारीख बघा, दोन वर्षांनी संपतं.

सातपुड्याची_सिस्टर
शहाद्याची ताई, भाषेचं टेन्शन घेऊ नको, जमी जाई. पेपरात इंग्रजी असतं ते ठराविक शब्दांचं. अडवतात ते शब्द म्हणजे पहिलं, सर्वात योग्य, सोडून, याशिवाय या अर्थाचे छोटे शब्द. प्रश्न वाचताना त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लाव. "खालीलपैकी कोणतं सोडून" हा प्रश्न घाईत "कोणतं" म्हणून वाचला की येत असलेलं उत्तरही चुकतं.

तोंडी भागात डॉक्टरांना फोन करून दाखवायला सांगतात. त्याचा साचा ठरलेला: परिस्थिती, पार्श्वभूमी, निरीक्षण, मागणी. असा बोल: "सर, सर्जिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय, बेड ७ बद्दल. पेशंटचं बीपी ८४/५०, पल्स १२८. चार तासांपूर्वी पोटाचं ऑपरेशन झालंय. गेल्या तासात ड्रेनमध्ये ३५० मिलि लाल रक्त आलं, हात थंड आहेत, लघवी कमी. मला आतून रक्तस्राव वाटतोय. तुम्ही लगेच बघायला या, तोवर क्रॉसमॅचला सॅम्पल पाठवू का?" डॉक्टर जे सांगतील ते लिहून परत वाचून दाखवायचं. "सर, पेशंट बरोबर दिसत नाहीये" एवढं बोलून थांबलीस तर समोरच्याला काहीच कळत नाही.

पांझराकाठ
सरकारीच्या तयारीतले पण इथे वाचत असतील, म्हणून थोडक्यात. रेल्वेच्या नर्सिंग सुपरिंटेंडेंटच्या परीक्षेत १०० प्रश्न, ९० मिनिटं: ७० नर्सिंगचे, बाकी सामान्य ज्ञान, गणित-बुद्धिमापन आणि विज्ञान प्रत्येकी १०. भुसावळचं रेल्वे हॉस्पिटल डोळ्यासमोर ठेवणाऱ्यांनी ते ३० सोडू नयेत, फरक तिथेच पडतो. एम्सची नॉरसेट (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) दोन टप्प्यांत होते. दोन्हीकडे चुकीला एकतृतीयांश गुण कापतात. त्याचं गणित असं: चारही पर्याय अंधारात असतील तर ठोकून सरासरी शून्यच मिळतं. एक पर्याय नक्की चूक म्हणून काढता आला तर ठोकण्यात फायदा आहे. राज्याच्या भरतीत नर्सिंगच्या जोडीला मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन असतं, म्हणून नुसतं नर्सिंग वाचून भागत नाही. आणि व्हॉट्सॲपवर "पेपर मिळेल" म्हणून पैसे मागणाऱ्यांना एक रुपया देऊ नका.

बेड_नंबर_७
निवड झाल्यावरच्या वैद्यकीय तपासणीचंही माहीत पाहिजे. छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या नेहमीच्या. हिपॅटायटिस बीची लस ०, १, ६ महिन्यांनी तीन डोस. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून १० किंवा जास्त आली तर संरक्षण झालं. लस घेतली नसेल तर आजच पहिला डोस घ्या, रुजू होईपर्यंत एक तरी झालेला असेल. एचआयव्हीबद्दल स्पष्ट: २०१७ च्या कायद्यानुसार नोकरी देण्याची अट म्हणून एचआयव्ही चाचणी करता येत नाही. तरी मागितली तर हे कोणत्या नियमाखाली मागताय ते नम्रपणे लेखी विचारा.

मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, परत घ्यायची. साक्षांकित प्रती द्यायच्या. बाँडवर सही करण्याआधी मुदत, नोटीस आणि सोडल्यास भरायची रक्कम वाचा, आणि आपली प्रत मागा.

शहाद्याची_नवी
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, गणितं सोडवली. पहिलं ४२ थेंब. दुसरं ६ मिलि. तिसऱ्यात ०.१ × ६० = ६, आणि ४ मिग्रॅ म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम भागिले ५०, मिलिला ८०. ६ ÷ ८० = ०.०७५. पण पंपावर ०.०७५ कसं लावणार?

इन्चार्ज_ताई
पहिली दोन अगदी बरोबर. तिसऱ्यातही ८० पर्यंत बरोबर आलीस, आणि "पंपावर कसं लावणार" ही शंका आली हेच चांगलं. तुझं ०.०७५ हे मिनिटाचं आहे. पंप तासाचं मागतो. गुणिले ६०, म्हणजे ४.५ मिलि प्रति तास. हे गणित चुकतं ते इथेच, म्हणून कागदावर प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचंच: मायक्रोग्रॅम प्रति मिनिट, मायक्रोग्रॅम प्रति मिलि, मिलि प्रति तास. एकक लिहिलं असतंस तर मिनिट दिसलं असतं. आता हेच ७५ किलोला आणि ०.२ ने करून बघ, उत्तर ११ च्या थोडं पुढे आलं पाहिजे.

शहाद्याची_नवी
०.२ × ७५ = १५ मायक्रोग्रॅम प्रति मिनिट. तासाला ९०० मायक्रोग्रॅम. ८० ने भागलं, ११.२५ मिलि प्रति तास. आलं ताई. उद्यापासून रोज वीस.